बोरिवलीचं नॅशनल पार्क की माथेरान?
सासूबाईंना घेऊन रमतगमत चालायचंय, कुठे जाऊ, असं मैत्रिणीने विचारलं. खर्चात बोरिवली सरळ जिंकतं: लोकलने उतरा, स्टेशनपासून गेट जवळच. माथेरानला नेरळहून टॅक्सी, वर प्रवेशकर, शिवाय दस्तुरी या गाडीतळाच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी. पण त्या बंदीमुळेच तिथलं चालणं सुखाचं. मागून हॉर्न नाही, डोक्यावर दाट सावली, बऱ्याच वाटा सपाट. लाल माती मात्र पांढऱ्या बुटांचा निकाल लावते आणि खाऊची पिशवी दिसली की माकडं ओढतातच. बोरिवलीत कान्हेरी लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता, शेवटी चढ. गुडघे कुरकुरले तर अर्ध्यातून परता. सोमवारी उद्यान बंद. हाताशी अर्धाच दिवस असेल तर बोरिवली. एक रात्र मुक्काम जमणार असेल, तर माझं मत माथेरानलाच.