व्यसनमुक्ती केंद्रात न्यायची बॅग आणि फाईल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऊसतोड सुरू झाली तेव्हा ही यादी पहिल्यांदा वापरली आणि आता पाऊस लागेपर्यंत तीच चालू आहे. एक चेनची मध्यम बॅग, एक बटणाची प्लॅस्टिक फाईल आणि फाईलमध्ये सगळ्यात वर एक पानी चिठ्ठी. सातारा आणि सांगली जिल्ह्यातली माणसं महिना-सव्वा महिन्याच्या मुक्कामाला जातात त्यांच्यासाठी, त्यातही मुख्यतः दारूच्या पेशंटसाठी. साताऱ्यातली थंडी, सांगलीतला एप्रिल-मे आणि आत्ताचा पाऊस, तिन्हींतून गेल्यावर यादीत बरीच काटछाट झाली आहे.

थोडक्यात मत असं की बॅग निम्मी करा आणि फाईल दुप्पट. कपडे कमी पडले म्हणून कोणी उपचार अर्धवट सोडून येत नाही. माणूस सहाव्या-सातव्या दिवशी घरी जायचं म्हणतो तेव्हा कारण वेगळंच असतं. ट्रॅक्टरचा हप्ता, उसाच्या तोडीची पाळी, हळद शिजवायला माणूस नाही, नाहीतर बँकेचा ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो बंद पडलाय. या सगळ्याची सोय जायच्या आधी घरीच करता येते.

आधी ती एक पानी चिठ्ठी. दाखल करून घेताना डॉक्टर जे विचारतात ते त्या गडबडीत कोणाला धड सांगता येत नाही, आणि पेशंट समोर असला की घरचे आकडा कमी सांगतात. म्हणून आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. रोज किती क्वार्टर (एक क्वार्टर १८० मिली), देशी की विदेशी, किती वर्षांपासून, सकाळी उठल्या उठल्या लागते का, शेवटचा पेग कोणत्या तारखेला किती वाजता. पूर्वी कधी फिट आली आहे का, बंद केल्यावर भास झाले आहेत का, डोक्याला मार लागला आहे का, कावीळ किंवा रक्ताची उलटी झाली आहे का. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर नाव आणि संख्या लिहायची. त्या अचानक बंद झाल्या तरी फिट येऊ शकते, आणि नेमकी हीच गोष्ट सगळ्यात जास्त लपवली जाते. चिठ्ठीवर पेशंटची आणि घरच्या एकाची, दोघांची सही घेतली की नंतर ‘असं कुठं सांगितलं होतं’ हा वाद राहत नाही.

फाईलमध्ये आधारच्या दोन झेरॉक्स, चार फोटो, जुनी डिस्चार्ज कार्डं, गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी असेल तर ती, आणि चालू गोळ्यांचं डॉक्टरांनी लिहून दिलेलं कागद. मूळ आधार, पासबुक आणि सातबारा घरीच राहू द्या.

गोळ्यांच्या बाबतीत यादी दोनदा बदलावी लागली. सुरुवातीला सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खणांची डबी लिहिली होती. ती काढून टाकली. सुट्ट्या गोळ्या केंद्रवाले घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण सुटी पांढरी गोळी कशाची हे कोणी सांगू शकत नाही. न कापलेली, नाव आणि मुदत दिसणारी स्ट्रिप न्यायची, बिलासकट. शुगर आणि बीपीच्या गोळ्या निदान पंधरा दिवस पुरतील इतक्या. इन्सुलिन असेल तर थंड पिशवीतून, आणि तिथे फ्रिज आहे का हे आदल्या दिवशी फोनवर विचारून. सगळ्या गोळ्या नर्सकडे जमा होतात, पेशंटच्या बॅगेत एकही ठेवायची नाही, अगदी डोकेदुखीचीसुद्धा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बॅगेत बसत नाही. ‘दोन दिवस घरीच बंद करून मग आणतो’ असं करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते. फिट यायचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. भास, बडबड, ताप, माणसं न ओळखणं हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून तारीख ठरली की दाखल होईपर्यंत काय करायचं हे डॉक्टरांनाच विचारायचं. मधल्या काळात फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर केंद्राची वाट बघायची नाही. १०८ बोलवायची आणि साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जे जवळ असेल तिथं जायचं. नुसतं सलाईन लावून घरी पाठवत असतील तर ‘हा रोज पिणारा आहे, व्हिटॅमिन ब-१ आधी द्या’ हे स्पष्ट सांगायचं. या व्हिटॅमिनची कमतरता असताना आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. घरच्यांना हे वाक्य पाठ असायला हवं.

बॅगेतून जे काढलं ते बहुतेक अल्कोहोलमुळे. आफ्टरशेव्ह, सेंट, बॉडी स्प्रे, सॅनिटायझर, माउथवॉश. खोकल्याच्या काही औषधांत आणि होमिओपॅथीच्या थेंबांतही ते असतं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत ते आंबवण्यातूनच तयार होतं. घरची आई ‘अशक्तपणा जाईल’ म्हणून प्रेमानं हीच बाटली बॅगेत घालते. केंद्राने पुढे डायसल्फिरामची (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ती) गोळी सुरू केली तर एवढ्याशा अल्कोहोलनेही चेहरा लाल होणं, धडधड, उलटी असा त्रास होऊ शकतो, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तो धोका राहतो. ही गोळी पेशंटच्या नकळत जेवणात मिसळायचा सल्ला अजूनही गावागावांत दिला जातो. तो जिवावर बेतणारा आहे.

कपड्यांत फार डोकं घालायची गरज नाही. चार जोड पुरतात, पावसाळ्यात सहा. साताऱ्याच्या पावसात जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही, म्हणून ती बाद. इलॅस्टिकच्या ट्रॅकपँट न्या, नाडीचा पायजमा आणि बेल्ट बऱ्याच ठिकाणी सुरक्षेसाठी काढून घेतात. बनियन मात्र आठ लागतात, पहिल्या आठवड्यात घामाने दिवसाला दोन बदलावे लागतात. टर्किश टॉवेलपेक्षा दोन पंचे चांगले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वेटर आणि कानटोपी. प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूला धाग्याने नावाची आद्याक्षरं घाला, मार्करची शाई तीन-चार धुण्यांत जाते.

चप्पल हा यादीतला सगळ्यात उपयोगी बदल ठरला. पहिले चार दिवस पायात जोर नसतो आणि ओल्या फरशीवर झिजलेली स्लिपर सरकते. खोल नक्षीच्या तळव्याची, मागे पट्टा असलेली रबरी सँडल घ्या, नवीन असली तर दोन दिवस घरात घालून, म्हणजे चावणार नाही. चष्म्याची जुनी जोडीही बॅगेत ठेवा. वही शिवलेल्या बांधणीची, दोनशे पानी. स्पायरलची तार चालत नाही. दाढीचं सामान ऑफिसात जमा राहतं, साधे यूज अँड थ्रो रेझर पाच-सहा द्या.

तंबाखूचं आधीच विचारून घ्या. काही केंद्रांत तीही पहिल्या दिवसापासून बंद असते, काहींत नसते. मिसरी लावणाऱ्याला दात घासणं आणि मिसरी वेगळी वाटतच नाही, त्यामुळे ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला तो मनापासून ‘नाही’ म्हणतो. चिठ्ठीवर मिसरीचा वेगळा उल्लेख हवा. ती सुटली की चिडचिड होते आणि पोट साफ होत नाही. तिकडच्या डॉक्टरांना माहीत असेल तर निकोटिन गम किंवा पोटासाठी काहीतरी वेळेत मिळतं.

मोबाईल आत चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण तयारी कोणी करत नाही. सिमसकट फोन घरच्या एका माणसाकडे द्यायचा आणि चार्ज ठेवायचा. हप्त्याच्या खात्यात दीड महिन्याची रक्कम आधी भरायची. कोऱ्या चेकवर सही करून ठेवणं हा उपाय नाही, तो चेक कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. पाच जणांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर हाताने लिहा. आज स्वतःच्या बायकोचा नंबरही कोणाला पाठ नसतो. नोकरीवाल्यांनी रजेचा अर्ज आधी द्यावा. आजार कोणता हे कारखान्याला किंवा शाळेला केंद्राने परस्पर कळवायचं नसतं, गुप्ततेचा तो हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिला आहे. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच पॉलिसींत दारूच्या व्यसनाचा उपचार स्पष्ट वगळलेला असतो, ते पान आधी वाचा.

याच कायद्यातल्या काही गोष्टी केंद्र निवडताना उपयोगी पडतात. दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक आजार त्यात येतात. पेशंटला स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, जबरदस्तीने डोकं भादरता येत नाही, साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात चालत नाही. स्वतःच्या इच्छेने दाखल झालेल्याला डिस्चार्ज मागता येतो, डॉक्टर ठरावीक कारणांसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात. फोनवर विचारा: नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कुठे नेता, घरच्यांना पहिली भेट कितव्या दिवशी. ‘रात्री गाडी पाठवून उचलून आणतो’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. कुठे जायचं तेच ठरत नसेल तर व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आहे, दोन्ही मोफत.

भेटीच्या दिवशी घरचा डबा बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. पाकीटबंद राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की चालते, दारू सुटल्यावर गोडाची भूक वाढतेच. सांगलीकडच्यांनी पावसाळ्यात भेटीची तारीख लवचिक ठेवावी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की निरोप आधी द्या, नाहीतर न आलेल्या भेटीचा अर्थ आतला माणूस भलताच लावतो.

यादीत अजून एक उणीव आहे, परतीची. निघताना डिस्चार्ज कार्ड, निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या, पुढच्या तपासणीची तारीख आणि गावाजवळच्या एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंगचा वार-वेळ एवढं फाईलमध्ये आल्याशिवाय गाडीत बसू नका. बरीच कुटुंबं बॅग मोजून घेतात आणि गोळ्यांचं कागद तिथेच काउंटरवर विसरतात. जुन्या फोनमधले टपरीचे, बारचे नंबर आणि रात्रीच्या बैठकीचे ग्रुप पेशंटने स्वतः, घरी पोचायच्या आधी काढलेले बरे. ही ओळ पुढच्या वेळी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापायची आहे.