2,18,300 रुपयांना विकलेले फुकटचे सॉफ्टवेअर

तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याचे शीतगृह चालवणाऱ्या बहुतेकांकडे आता स्वतःचा सर्व्हर आहे आणि तो बसवून देणारी मंडळीही मार्चअखेर जवळ आली की फिरू लागतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. गेल्या वर्षी अशाच मार्चअखेरीस आम्ही मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर 2022 या डेटाबेस (नोंदी साठवण्याच्या) सॉफ्टवेअरच्या परवान्यापोटी 1,85,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 33,300, असे एकूण 2,18,300 रुपये आरटीजीएसने भरले. त्या बदल्यात आमच्या सर्व्हरवर जी बसवली गेली ती त्याची डेव्हलपर एडिशन (आवृत्ती) होती. मायक्रोसॉफ्टने ती 2016 पासून फुकट ठेवली आहे, पण ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, त्यांच्या चाचण्यांसाठी आणि प्रात्यक्षिकासाठी. रोजचा धंदा तिच्यावर चालवण्याची परवानगी नाही. विक्रेत्याचे नाव वकिलांनी लिहू दिलेले नाही. ज्यांना त्याच्याकडून कोटेशन आले असेल, ते पुढच्या वर्णनावरून ओळखतील.

ही लबाडी वर्षभर कळली कशी नाही, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की ती कळावी अशी सोयच त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. इव्हॅल्युएशन, म्हणजे चाचणीपुरती, एडिशन घातली असती तर ती 180 दिवसांनी बंद पडली असती आणि बिंग तेव्हाच फुटले असते. एक्सप्रेस ही छोटी मोफत एडिशन घातली असती तर आमचा 64 जीबीचा डेटा तिच्यात मावलाच नसता, कारण 2022 च्या एक्सप्रेसला एका डेटाबेससाठी 10 जीबीची मर्यादा आहे. डेव्हलपर एडिशनला मुदत नाही, आकाराची मर्यादा नाही आणि सर्वांत महागड्या एंटरप्रायझ एडिशनमधले सगळे काही तिच्यात असते. पूर्ण हंगामभर लॉटच्या नोंदी, वजनकाट्याच्या पावत्या, बॉक्सची आवक-जावक बिनतक्रार चालली. आमचे मॅनेजर तर म्हणत होते की पैसे गेले, पण माल खणखणीत मिळाला.

खरी रुखरुख लागून राहिली आहे ती बसवणीच्या दुपारची. विक्रेत्याचा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला, सर्व्हरसमोर बसला आणि मी त्याच्या खुर्चीमागे उभा होतो. सेटअपच्या एका पानावर निवडीचे पर्याय होते. एकात पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की टाकायची चौकट होती आणि दुसऱ्यात ‘फ्री एडिशन निवडा’ अशा अर्थाची ओळ व तिच्यापुढे उघडणारी छोटी यादी. त्याने यादी उघडली, काहीतरी निवडले आणि पुढे गेला. हे सगळे माझ्या डोळ्यांदेखत झाले. मी विचारलेही, “की टाकावी लागत नाही का हो?” त्यावर तो मागे न वळता म्हणाला, “दादा, कंपनी परवान्याच्या सेटअपमध्ये की आधीच भरलेली असते.” आता यातली खोच पाहा. व्हॉल्यूम परवान्याच्या, म्हणजे कंपन्या घाऊक घेतात त्या परवान्याच्या, सेटअपमध्ये की खरोखरच आधी भरलेली असते, म्हणजे त्याचे वाक्य खोटे नव्हते. ते आमच्या सेटअपला लागू नव्हते, इतकेच. पण की आधी भरलेली असेल तर ती चौकटीत दिसते आणि फुकटच्या यादीला हात लावायचे कारणच उरत नाही. शीतगृहाच्या मालकाला हे ठाऊक असावे अशी अपेक्षा कोणी ठेवत असेल तर त्याने आधी अमोनियाच्या कॉम्प्रेसरचा गेज वाचून दाखवावा. सौद्यात मूठभर बेदाणा उधळला गेला तर मी अडत्याशी भांडतो, तो माल मला कळतो म्हणून. जो माल कळत नाही तो विश्वासावरच घ्यावा लागतो, आणि हे लोक नेमके तेच ओळखून असतात.

त्याने आम्हाला सोनेरी होलोग्राम चिकटवलेले, लॅमिनेट केलेले ‘लायसन्स सर्टिफिकेट’ही दिले होते. ते त्याच्याच लेटरहेडवर होते, त्यावर ‘एसक्यूएल सर्व्हर 2022’ असे ठळक छापले होते आणि एडिशनचे नाव कोठेही नव्हते. असे कागद स्वीकारू नका. कंपनी परवान्याच्या खऱ्या खरेदीत परवाना आपल्या फर्मच्या नावाने मूळ कंपनीच्या पोर्टलवर, आपल्याच लॉगिनमध्ये दिसतो. तो तेथे दिसेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

हे उघडकीस आले ते बँकेमुळे. आमच्या गोदाम पावत्यांवर शेतकऱ्यांना तारण कर्ज मिळते, म्हणून बँकेने सिस्टिम ऑडिटर पाठवला. त्याने क्वेरीच्या खिडकीत ‘सिलेक्ट @@व्हर्जन’ (SELECT @@VERSION) एवढीच ओळ टाकली आणि उत्तराच्या शेवटच्या ओळीत ‘डेव्हलपर एडिशन (64-बिट)’ असे आले. त्याने ते दोनदा वाचले, माझ्याकडे पाहिले आणि अहवालात शेरा मारला. ही ओळ चालवायला अर्धे मिनिट लागते आणि कोणताही ऑपरेटर ती चालवू शकतो. आजच चालवून घ्या. त्याच आठवड्यात अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याने आमच्या ओसरीवर बसून तेच सॉफ्टवेअर तशाच पायऱ्यांनी आपल्या लॅपटॉपवर बसवले. “मामा, हे आम्ही कॉलेजात फुकट वापरतो,” असे तो सहज म्हणाला आणि घरातल्या सर्वांनी ते ऐकले.

विक्रेत्याला फोन केल्यावर तो जराही गडबडला नाही. “बिल पाहा साहेब,” एवढेच म्हणाला. बिल आमच्या सीएंनी पाहिले तेव्हा त्यातली मेख कळली. बिलावर ‘डेटाबेस सॉफ्टवेअर सोल्यूशन’ असा मोघम तपशील होता आणि त्यापुढचा जीएसटीचा कोड 998313 होता, म्हणजे माहिती तंत्रज्ञानाचा सल्ला व साहाय्य सेवा. सॉफ्टवेअर वापरण्याच्या हक्काचा परवाना 997331 मध्ये येतो. म्हणजे त्याने कागदोपत्री परवाना विकलाच नव्हता. 1,85,000 रुपयांची ‘सेवा’ विकली होती. दर दोन्हींना 18 टक्केच असल्याने रिटर्न भरताना कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. यापुढे बिलावरचा कोड आणि एडिशनचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे सोडू नयेत. आणखी एक गोष्ट म्हणजे किती माणसे किंवा किती संगणक हा डेटाबेस वापरणार आणि प्रोसेसरचे कोअर किती, हे त्याने एकदाही विचारले नाही. स्टँडर्ड एडिशनचा, म्हणजे धंद्यासाठी विकत घ्यायच्या आवृत्तीचा, परवाना एकतर कोअरवर मोजतात, नाहीतर सर्व्हर आणि प्रत्येक वापरकर्त्याचा किंवा संगणकाचा कॅल (वापरण्याचा वेगळा परवाना) असा मोजतात. हे न विचारता जो किंमत सांगतो तो परवाना विकत नसतो.

त्यानंतर जे सुरू झाले त्याचा संताप फसवणुकीपेक्षाही जास्त आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला तर संगणकाचा विषय आहे, सायबरकडे जा, असे सांगण्यात आले. सायबरवाल्यांनी विचारले की ओटीपी दिला होता का, लिंक उघडली होती का. दोन्ही नाही म्हटल्यावर, आरटीजीएस तुम्ही स्वखुशीने केले आहे, बिलही आहे, हा दिवाणी वाद आहे, असे म्हणून अर्ज परत केला. पुन्हा ठाण्यात गेल्यावर एका अधिकाऱ्याने अर्ज पूर्ण वाचला, याचे मला बरे वाटले, पण वाचून झाल्यावर ते म्हणाले की विनापरवाना सॉफ्टवेअर तर तुम्हीच वापरत होता, गुन्हा दाखल करायचा झाल्यास पहिला तुमच्यावर होईल. ज्याने पैसे मोजले, ज्याच्याकडे बिल आहे, त्याला खुर्चीत बसवून हे ऐकवले जाते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब मध्ये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते 2,00,000 रुपये दंड आहे खरा, पण ते कलम ‘जाणूनबुजून’ वापरणाऱ्याला लागते. मी ते छापून नेले होते. कोणी हातात घेतले नाही. जीएसटी कार्यालयात सांगितले की कर भरलेला आहे, मग तक्रार कशाची? ग्राहक आयोगाचे दार धंद्यासाठी केलेल्या खरेदीला बहुधा बंदच असते, स्वयंरोजगाराचा अपवाद शीतगृहाला मिळणे अवघड आहे, हे वकिलांकडून कळले. प्रत्येक टेबलावर मी फसलो हे सर्वांना मान्य होते, मात्र ते आपले काम आहे हे कोणालाच मान्य नव्हते.

म्हणून तोंडी नकार ऐकून घरी परतू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली, म्हणजे जुन्या 420 खाली, लेखी तक्रार द्या आणि पोच मागा. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आम्ही ती टपालाने पाठवली असून पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही.

बँकेचा शेरा मात्र थांबणार नव्हता. दुसऱ्या विक्रेत्याकडून स्टँडर्डचा सर्व्हर परवाना आणि नऊ कॅल 2,64,000 रुपये अधिक 47,520 जीएसटी, म्हणजे 3,11,520 रुपयांना घेतले. पहिले आणि दुसरे मिळून 5,29,820 झाले. डेटा ‘हलवण्याचे’ 35,000 रुपये एकाने सांगितले होते, ते वाचले. खरी की हातात असली की सेटअपमधल्या एडिशन अपग्रेडमधून डेव्हलपरची स्टँडर्ड करता येते, डेटा जागेवरून हलत नाही. आमचे काम बॅकअप घेऊन एका रविवारी झाले. ज्यांचा डेटा 10 जीबीच्या आत आहे त्यांनी तर एक्सप्रेसच वापरावी, ती धंद्यातही मोफत चालते. फक्त तिच्यात ठरल्या वेळी आपोआप कामे करणारा एजंट नसल्याने रोजचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून लावून घ्यावा लागतो.

आमच्या नोटिशीला विक्रेत्याने वकिलामार्फत उत्तर दिले आहे. त्यात पैसे परत करण्याचा उल्लेख नाही, पण ‘ग्राहकाशी असलेले संबंध लक्षात घेऊन’ नव्या परवान्यावर 15 टक्के सवलत देऊ केली आहे.