मुंबईच्या हवेत लॅपटॉप: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

मार्चमध्ये नवा लॅपटॉप घेतला, तेव्हाच त्याला जपायला बॅग, स्टँड, कीबोर्डचं सिलिकॉन कव्हर, ओलावा शोषणारं सिलिका जेल, विजेच्या दाबाच्या अचानक उसळीपासून वाचवणारा स्पाइक गार्ड असं बरंच सामान घेतलं. रोज भांडुप ते परळ लोकल, ऑफिसात दिवसभर एसी, घरी गच्चीखालची तापणारी खोली. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: आपल्याकडे लॅपटॉपचे खरे वैरी दोनच, उष्णता आणि दमट हवा. पैसे आणि मेहनत तिथेच लावा.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो फुकटातल्या गोष्टीचा. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. लिथियम-आयन बॅटरी कायम १०० टक्के भरलेली आणि वर गरम राहिली की लवकर म्हातारी होते. माझा लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावलेला असतो, म्हणून ही सेटिंग पहिल्या आठवड्यापासून चालू आहे. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे दिसतात. माझ्याकडे दोन्हींत अजून नाव घेण्यासारखा फरक नाही. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी १०० टक्के भरून घेते.

स्टँड साधा ॲल्युमिनियमचा, घडीचा. खालून हवा खेळती राहते, मे महिन्यात पंख्याची घरघर स्पष्ट कमी झाली. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणं मात्र पूर्ण बंद करा, खालच्या जाळ्या तिथेच गुदमरतात.

दिवाळीनंतर लॅमिंग्टन रोडला आतून साफ करून घेतला. कारागिराने समोरच खालचं झाकण उघडलं. पंखा वरून स्वच्छ दिसत होता, पण तो काढल्यावर हीटसिंकच्या, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, बारीक पात्यांवर करड्या नमद्यासारखा सलग थर निघाला. हवा बाहेर पडायची वाट तीच. त्याने पंखा टूथपिकने अडवून मगच ब्लोअर मारला, कारण हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं. साफसफाई अशी डोळ्यांसमोरच करून घ्या. आणि झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, ते आधी कंपनीला विचारा.

आता पाऊस. पुष्कळ लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ३५ अंश तापमान आणि ९० टक्क्यांपर्यंत आर्द्रता चालेल असं लिहिलेलं असतं, पण आत पाणी जमता कामा नये ही अट असते. मुंबईत जुलैमध्ये ही अट सहज मोडते. एसीत गार झालेला लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत काढला की थंड धातूवर दव धरतं. घरी आल्यावर झाकणावरून बोट फिरवलं तर ओलसर रेघ उमटायची. म्हणून पोचल्यावर तो अर्धा तास बंद बॅगेतच राहू देते, खोलीच्या तापमानाला आला की मग चालू करते. पावसाळ्यातली सगळ्यात मोलाची सवय हीच, असं मी मनापासून सांगेन.

बॅगेबाबत एकच सांगते: रेनकव्हर असलेलीच घ्या, कापड नुसतं वॉटरप्रूफ असून भागत नाही, पाणी चेनमधून शिरतं. गर्दीत बॅग पोटाशी धरावी लागते, तेव्हा चार्जरचा ठोकळा स्क्रीनच्या बाजूला असला की दाब थेट काचेवर येतो. चार्जर वेगळ्या कप्प्यात आणि लॅपटॉपचं झाकण आपल्या अंगाकडे, असं मी भरते.

सिलिकॉन कव्हर पैसे वाया. घाम आणि दमटपणा त्याखाली अडकतो, झाकण मिटल्यावर ते स्क्रीनवर दाबलं जातं. जूनमध्येच काढून टाकलं. सिलिका जेलही दिवसभर उघडझाप होणाऱ्या बॅगेत काही कामाचं नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात बॅकअपची हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह ठेवते, तिथे ते छान चालतं. केशरी दाणे हिरवे पडले की बदलायचे.

पाणी सांडलंच तर आधी चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा, उलटा धरून पाणी निथळू द्या आणि चालू न करता दुकान गाठा. तांदळात पुरून काही होत नाही.

स्पाइक गार्ड ठीक आहे, पण भिंतीतलं अर्थिंग नसेल तर त्याचा अर्धा उपयोग जातो. धातूच्या बॉडीवर हात टेकल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी बोर्ड तपासा. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा ॲडॉप्टर लावू नका, अर्थिंग तिथेच तुटतं. आमच्या जुन्या इमारतीत टेबलामागच्या सॉकेटला अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. वायरमनने ती जोडली त्या दिवसापासून झिणझिण्या बंद आहेत.