कोर्ट-मार्शलच्या नोंदींत पणजोबा शोधताना: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लंडनची कोर्ट-मार्शलची, म्हणजे लष्करी खटल्यांची, जुनी रजिस्टरं वंशावळीच्या एका साइटवर बघता येतात. मागच्या आठवड्यात तिचं सदस्यत्व आपोआप रिन्यू झालं, कार्डावरून साडेतेरा हजार गेले, आणि तीन मेल केल्यावर 'अटी वाचा' एवढंच उत्तर आलं. एवढ्या पैशांत आईचा चष्मा आणि वर्षाची औषधं झाली असती.

आमच्या घरात गोष्ट अशी: पणजोबा रजेवर पाटणला आले, भातकापणीला थांबले, पलटणीत उशिरा पोचले आणि लष्करी कोर्टात उभे राहिले. शिक्षा काय झाली, कुणालाच ठाऊक नाही. देव्हाऱ्यात त्यांचं चांदीचं मेडल, आणि एवढाच पुरावा.

पहिले दोन महिने मी खूश होते. रजिस्टरांचे फोटो स्वच्छ, एका ओळीत एक माणूस: नाव, हुद्दा, पलटण, ठिकाण, आरोप, शिक्षा. पहाऱ्यावर झोप, दारू, हुकूम मोडणं. रात्री अकरानंतर बसून मी आमच्या आडनावाची सगळी इंग्रजी रूपं घालून बघितली: जाधव, जादव, जादो, जाडव. शेकडो पानं चाळली, तरी मराठी नाव सापडेना.

कारण फार साधं आहे आणि साइटवर ते कुठेही लिहिलेलं नाही. गोऱ्या सोल्जरवर खटला चालायचा 1881 च्या आर्मी अ‍ॅक्टखाली. आपल्या शिपायासाठी वेगळा कायदा, पहिल्या महायुद्धाच्या वेळी 1911 चा इंडियन आर्मी अ‍ॅक्ट. त्यात समरी कोर्ट-मार्शल असायचं: कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट, शेजारी दोघे बसणार पण मत देणार नाहीत. फटक्यांची शिक्षा गोऱ्यांना 1881 मध्ये बंद झाली, आपल्या माणसांसाठी ती 1920 पर्यंत राहिली. आमच्या पणजोबांसारख्याचा खटला पलटणीतच उभा राहून पलटणीतच मिटायचा. तो लंडनच्या रजिस्टरात शोधणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं शेत शोधणं. 'हिंदी शिपायांच्या नोंदी यात जवळजवळ नाहीत' हे एक वाक्य पैसे भरायच्या पानावर टाकायला काय जात होतं? नऊ महिने झाले, माझा राग त्या एका वाक्यावरच आहे. फोटो, शोधायची सोय, अ‍ॅप, सगळं चांगलं आहे हो. पण ते वाक्य हवं होतं.

मग मी उलट बाजूने सुरुवात केली. मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. आजीने दर दसऱ्याला रांगोळीने घासून नाव पार पुसून टाकलं होतं. टॉर्च तिरपा धरून, खडूची भुकटी चोळून चार आकडे आणि '117 मराठाज' एवढं वाचता आलं.

महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट फुकट आहे. तिथे नावाच्या मागे लागू नका. पलटण निवडा आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात फक्त इंग्रजीत सातारा लिहा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. मला चौथ्या पानावर आमचं गाव दिसलं. बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचं, आणि नंबर मेडलवरचाच.

नाव मात्र पणजोबांचं नव्हतं, त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. घरात त्याचा कधी उल्लेखही ऐकला नव्हता. 117 वी पलटण आजच्या इराकमधल्या कुतला तुर्कांच्या वेढ्यात होती. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. या भावाच्या मृत्यूची तारीख त्यानंतर चार महिन्यांची, म्हणजे कैदेतलीच. स्मारक बसऱ्याचं. तिथल्या दगडावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसती संख्या आहे. नावं फक्त नोंदवहीत.

त्यामुळे साइटबद्दलचं माझं मत थोडं मऊ झालंय: घरात कुणी ब्रिटिश पलटणीतला असेल तर एक महिन्याचं सदस्यत्व घ्या, आणि रिन्यूअल त्याच दिवशी बंद करा. बाकीच्यांनी आधी मेडलची कड वाचा. राष्ट्रीय अभिलेखागाराची 'अभिलेख पटल' ही साइटही फुकट आहे. आर्मी डिपार्टमेंटच्या फायली मी आता तिथे बघतेय. पणजोबांचा खटला अजून सापडलेला नाही.

यंदा दसऱ्याला आईने मेडल रांगोळीने घासलं नाही. ओल्या फडक्याने पुसलं, आणि हळद-कुंकू वाहताना त्या भावाचं नाव घेतलं.