एपिटाफ: चार सीडी, अकरा महिने

१३ जानेवारी १९६९ला लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवर, एका कॅफेच्या तळघरात किंग क्रिम्झन ह्या रॉक बँडची पहिली तालीम झाली. १४ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहात त्या मूळ पाच जणांचा शेवटचा कार्यक्रम झाला. अकरा महिने आणि एक दिवस. माझ्याकडे त्यांचा 'एपिटाफ' हा संच येऊनही आता जवळपास तेवढेच दिवस झालेत. त्यांचा संसार जितका टिकला तितका काळ मी तो ऐकत बसलेय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी वस्तूबद्दल. १९९७ साली बँडचा गिटारवाला रॉबर्ट फ्रिप, त्याच्या स्वतःच्या कंपनीने, डिसिप्लिन ग्लोबल मोबाइलने, १९६९मधल्या कार्यक्रमांची जुनी ध्वनिमुद्रणं साफसूफ करून चार सीडींत काढली. पहिल्या दोन दुकानांत मिळायच्या, उरलेल्या दोन टपालाने मागवाव्या लागायच्या. बीबीसी रेडिओ, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट, तो शेवटचा फिलमोर वेस्ट, ९ ऑगस्टचा प्लम्पटनचा महोत्सव आणि ७ सप्टेंबरचा चेस्टरफील्ड जॅझ क्लब, असा सगळा ऐवज आहे. मी दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून जुना संच जमवला. एकाने 'नव्यासारखा' लिहिलं होतं आणि आला तो कोपरा चेपलेला, आत सीडी धरणारे दात मोडलेले, पुस्तिकेवर चहाचा गोल डाग. थोडे पैसे परत मिळाले. डाग तसाच आहे, आता तो माझाच वाटतो.

मी कोल्हापूरची. गेली काही वर्षं शेफील्डला राहते. चेस्टरफील्ड इथून ट्रेनने पाव तासावर. चौथी सीडी घ्यायचं खरं कारण एवढंच होतं, की आपल्या शेजारच्या गावात एका रविवारी हे लोक येऊन वाजवून गेले होते.

पहिला आठवडा मात्र वाईट गेला. फसले असंच वाटलं. 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' हा त्यांचा अल्बम मला तोंडपाठ होता: १० ऑक्टोबर १९६९ला आलेला, ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलेला, मुखपृष्ठावर तो किंचाळणारा लालबुंद चेहरा. (तो चेहरा काढणारा बॅरी गॉडबर पेशाने कॉम्प्युटर प्रोग्रामर. अल्बम आल्यावर चार महिन्यांत, चोविसाव्या वर्षी गेला.) त्या अल्बमचा आवाज म्हणजे कोरीव काम. इथे मात्र काही ठिकाणी कुणीतरी कोटाच्या खिशात माइक घेऊन उभं असावं, असा आवाज. गाणं एकीकडे आणि खोकला दुसरीकडे. प्लम्पटनच्या सीडीत गायकाचा आवाज मधेच विहिरीत पडतो. महागडे हेडफोन लावून ऐकलंत तर सगळे दोष जास्तच ठळक ऐकू येतात, म्हणून सांगते, ते लावू नका. मला ह्या सीडी कळल्या त्या स्वयंपाकघरात, साध्या स्पीकरवर, पोळ्या लाटताना.

पोळ्या लाटताना हाताला ठेका लागतो, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी फ्रिपच्या गिटारकडे लक्षच देत नाहीये. माझा हात ड्रमर मायकेल जाइल्सच्या मागे चाललाय.

ह्या बँडबद्दल कुणाशीही बोला, बोलणं फ्रिपवर येऊन थांबतं. नंतरची पन्नास वर्षं बँड त्यानेच चालवला, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण १९६९च्या ह्या टेपा ऐकून माझं मत पक्कं झालंय: त्या वर्षीचा कणा ड्रमर होता, आणि त्याच्या जोडीला इयन मॅक्डोनल्ड. आमच्याकडे बाबा भजनाला तबला धरायचे. ते म्हणायचे, ठेका देणारा पुष्कळ सापडतो, गाणाऱ्याचा श्वास ऐकून हात आखडता घेणारा सापडत नाही. जाइल्स तसा आहे. रॉकचे ड्रमर तेव्हा बहुधा दणका द्यायचे. हा बारीक, कोरडं, चटपटीत वाजवतो आणि भलत्याच ठिकाणी गप्प बसतो. 'ट्वेंटीफर्स्ट सेंचुरी स्किझॉइड मॅन'मध्ये मधला तो भाग येतो, जिथे चौघं एकदम धावतात, एकदम थांबतात, पुन्हा धावतात. अल्बममध्ये तो ऐकून वाटायचं की तुकडे जोडून केला असेल. इथे चार-पाच वेगवेगळ्या रात्री तोच भाग येतो आणि प्रत्येक रात्री ते त्याच जागी, सुरीने कापल्यासारखे थांबतात. तिहाई घेऊन समेवर येताना सभागृहात जो 'वाः' निघतो, तो माझ्या तोंडून स्वयंपाकघरात निघाला. पोळी करपली.

मॅक्डोनल्डचं काय सांगू! सॅक्सोफोन, बासरी, की-बोर्ड आणि मेलोट्रॉन. मेलोट्रॉन म्हणजे बर्मिंगहॅमला बनणारं एक अजब धूड: प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा एक स्वर. पट्टी दाबली की फीत सरकते, साधारण आठ सेकंदांत संपते, आणि बोट उचललं की स्प्रिंगने मागे जाते. म्हणजे एकच स्वर कितीही वेळ धरून ठेवायची सोय नाही. वाजवणाऱ्याला फीत संपायच्या आत दुसऱ्या पट्टीवर जावं लागतं. 'एपिटाफ' गाण्याचं ते आभाळ भरून आल्यासारखं वाटणं ह्या लंगड्या यंत्रातून आलंय. गावोगावी ते नेणं, उतरवणं, सुरात आणणं म्हणजे लग्नाचा बस्ता होता. टेपांमध्ये ते अधूनमधून रडतंय हे स्पष्ट ऐकू येतं. मला ते आवडतं. अल्बममध्ये ते कधी रडत नाही.

ग्रेग लेक मुळात गिटारवाला. ह्या बँडसाठी बास हातात घेतला, आणि लहानपणी तो आणि फ्रिप बोर्नमथकडच्या एकाच मास्तरांकडे गिटार शिकलेले. त्याच्या आवाजात त्या वयातच एक भारदस्तपणा आहे. वय एकवीस, आणि गातो असा की घरातला कर्ता पुरुष बोलतोय. पाचवा, पीटर सिनफील्ड, वाजवत नव्हताच. तो शब्द लिहायचा आणि कार्यक्रमात दिवे सांभाळायचा, तरी त्याचं नाव बँडमध्ये बरोबरीने. कवीला असा बरोबरीचा वाटा देणारी माणसं मला आधीच आवडतात. सीडीत दिवे ऐकू येत नाहीत, म्हणून सिनफील्डवर थोडा अन्याय होतो.

फ्रिपचा एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. त्याला उभं राहून वाजवता येईना, त्याने स्टूल मागितलं. लेक म्हणाला, बसलास तर भूछत्र दिसशील. फ्रिपचं उत्तर असं, की पुष्कळ संस्कृतींत भूछत्र हे पौरुषाचं प्रतीक आहे. आणि बसला तो बसलाच, पुढची सगळी वर्षं.

आता शेजाऱ्यांबद्दल. आमचं घर जोडघर आहे, भिंत एकच. तिसऱ्या महिन्यात शेजारचे आजोबा दाराशी आले. मला वाटलं, तक्रार. ते म्हणाले, "तुम्ही रोज संध्याकाळी सायरन लावता का?" तो सायरन नव्हता. ते होल्स्ट ह्या इंग्रज संगीतकाराचं 'मार्स', जे हे लोक कार्यक्रमाच्या शेवटी वाजवायचे: ड्रमचा तोच तो लष्करी ठोका, त्यावर मेलोट्रॉन चढत चढत जातो, कानाला त्रास होईपर्यंत. आजोबा जरा वेळ ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "हे मी हाइड पार्कमध्ये ऐकलंय."

५ जुलै १९६९. रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम, लाखोंची गर्दी, दोनच दिवसांपूर्वी त्यांचा जुना गिटारवाला ब्रायन जोन्स गेलेला. आधी वाजवणाऱ्यांत हे नवखे लोक होते. पहिला जाहीर कार्यक्रम होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आणि अल्बमचा पत्ता नव्हता. आजोबा आणि आजी (तेव्हा लग्न व्हायचं होतं) स्टोन्ससाठी गेलेले. त्यानंतर बरेचदा दोघं चहाला आली आणि दर वेळी त्याच दुपारीवरून त्यांची जुंपली. आजींना फुलपाखरं आठवतात: स्टोन्सचा गायक जॅगर, त्याने जोन्सच्या आठवणीत पांढरी फुलपाखरं सोडली होती आणि त्यातली पुष्कळशी गुदमरून खाली पडली. क्रिम्झन त्यांना आठवतच नाहीत. "ते होते कधी?" आजोबांना फुलपाखरं आठवत नाहीत, स्टोन्सही धूसर, पण तो बँड आठवतो. गाणी विचारली तर एकही सांगता येत नाही. "घास खाता खाता थांबलो होतो. हातात सँडविच, आणि खायचं विसरलो." एवढीच आठवण. ती त्यांनी मला निदान सहा वेळा सांगितलीय आणि प्रत्येक वेळी सँडविच वेगळं असतं. एकदा अंड्याचं होतं, एकदा चीजचं.

मी त्यांना पुस्तिका वाचून दाखवते. तिच्यात बँडमधल्यांच्या आठवणी आहेत, जुनी कात्रणं आहेत. अक्षर मुंगीएवढं, हा ह्या संचाचा दुसरा दोष. वाचताना लक्षात येतं, ह्यांच्याही आठवणी सँडविचसारख्याच. प्रत्येकाची वेगळी.

शेवटाबद्दल मात्र सगळे एकच सांगतात. अमेरिकेच्या दौऱ्यात डिसेंबरमध्ये मॅक्डोनल्ड आणि जाइल्सने सोडतो म्हणून सांगितलं. दौऱ्याचा ताण होता, संगीत फार काळोखाकडे चाललंय असं वाटत होतं, घरची ओढ होती. फ्रिप म्हणाला, त्यापेक्षा मी जातो, तुम्ही राहा. नाही राहिले. लेक पुढे एमर्सन आणि पामरबरोबर नव्या बँडमध्ये गेला. मॅक्डोनल्ड नंतर फॉरेनर ह्या रॉक बँडच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्याने आपण सोडून चूक केली हे बोलूनही दाखवलं. १९७४ साली तो परत येण्याच्या बेतात होता आणि नेमका तेव्हाच फ्रिपने बँड मोडला. ह्याला योग नाही असं म्हणतात आमच्याकडे.

दुसरी सीडी, फिलमोर वेस्टची, ही सगळं ठरल्यानंतरची आहे. घेणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. आवाज स्वच्छ आहे, आणि दोन गाणी अशी आहेत जी अल्बममध्ये नाहीत: 'अ मॅन, अ सिटी', ज्याचं पुढच्या वर्षी दुसऱ्या अल्बमवर नाव बदललं, आणि 'ड्रॉप इन', जिचं पुढे 'द लेटर्स' झालं. सुटायचं ठरलेली माणसं वाजवतायत, आणि वाजवण्यात कुठे राग नाही, घाई नाही. मी पुन्हा पुन्हा शोधलं, सापडलं नाही. जाइल्स तर त्या रात्री जास्तच मोकळा वाटतो.

कुणी घेऊ नये, तेही सांगते. एकच गाणं चार-पाच वेळा ऐकायचा कंटाळा असेल तर नको. अल्बममधलं 'मूनचाइल्ड' आवडत असेल तर ते ह्यात नाही. डोनोव्हान ह्या गायकाचं एक छोटंसं गाणं घेऊन हे लोक त्याचा जो विस्तार करत बसतात, तिथे मलाही भांडी घासावीशी वाटतात. आणि लहान मूल झोपलेलं असताना 'मार्स' लावू नये, हे अनुभवाने सांगते.

लेक डिसेंबर २०१६मध्ये गेला, मॅक्डोनल्ड फेब्रुवारी २०२२मध्ये, सिनफील्ड नोव्हेंबर २०२४मध्ये. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि तो ड्रमवाला?" आहे म्हटलं. "मग ठीक," म्हणाले.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या मोडक्या दातांचा कापला. चौथी, चेस्टरफील्डची, सीडी गेला महिनाभर शेजारी आहे. भिंतीतून ऐकू येते, म्हणून मागितली नाही.