सोमवारचं परमिट

आम्ही सांगलीची माणसं. डिसेंबरात अंदमानला गेलो. मी, बायको, दोन मुलं, आई आणि बाबा. आईला सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची होती आणि मुलांना प्रवाळ. प्रवाळ बघायचं तर जॉली बॉय बेट. पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटरवर वंडूर आहे, तिथल्या जेट्टीवरून बोट सुटते. जॉली बॉय महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. 1983 साली झालेलं, पंधरा बेटांचं उद्यान. पर्यटकांना त्यातली दोनच खुली, जॉली बॉय आणि रेड स्किन, तीही आलटून पालटून, म्हणजे प्रवाळाला जरा उसंत मिळते. आमच्या दिवसांत जॉली बॉय चालू असतं, हे मी नीट वाचून ठेवलं होतं. आता बाकीचंही तेवढंच नीट वाचलं असतं तर!

एका फेसबुक ग्रुपवर मी विचारलं, तर दहा मिनिटांत इनबॉक्समध्ये मेसेज. ‘दादा, मी मूळचा साताऱ्याचा, सहा वर्षं इथेच आहे. आपल्या लोकांचंच काम करतो.’ फोन लावला तर बोलणं अगदी घरातलं. आईला सावरकरांची कोठडी बघायची आहे म्हटल्यावर म्हणाला, ‘काकूंना मी स्वतः हात धरून वर नेतो.’ त्या एका वाक्यावर आमच्या आई फिदा. बाबांनी मात्र एवढंच विचारलं, ‘ह्याचं ऑफिस कुठंय?’ मीच त्यांना गप्प केलं.

परमिट, बोट, काचेच्या तळाची बोट आणि ‘बेटावर बुफे लंच’ मिळून माणशी 2,200. सहा जणांचे 13,200 झाले. सगळे आधी भरले तर 12,000. डिसेंबरात गर्दी असते, परमिटं मोजकीच निघतात, ‘आज रात्रीपर्यंत सांगा दादा.’ गर्दीचं आणि परमिटांचं खरंच होतं. खोट्यात इतपत खरं मिसळलेलं असलं की संशय येत नाही. पैसे एका बाईच्या नावाच्या खात्यावर. ‘मिसेसचं आहे, माझं लिमिट संपलंय.’ मी पाठवले.

त्याने आधार कार्ड मागितलं नाही, फक्त नावं आणि वयं. मला उलट बरं वाटलं! आधारची कॉपी कुणालाही देऊ नका, हे इतकं ऐकलेलं असतं, की न मागणारा माणूस सज्जन वाटला. खरं तर वन खात्याच्या परमिटला प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. न मागता निघतं ते परमिटच नव्हे.

दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, मध्ये आमची सहा नावं, खाली निळा गोल शिक्का. बायकोने प्रिंट काढून पारदर्शक फोल्डरमध्ये घातली. धाकटीने निळा स्नॉर्कलचा मास्क घेतला आणि तो लावून घरभर हिंडली.

रविवारी जेल बघितलं. हात धरायला हा माणूस काही आला नाही, ‘हॅवलॉकला अडकलोय’ म्हणाला. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून जिने चढली आणि कोठडीत बराच वेळ नुसती उभी राहिली. परतताना टॅक्सीवाल्याला म्हटलं, उद्या सकाळी सहाला वंडूर. त्याने आरशातून बघितलं. ‘कल? कल तो सोमवार है साब. सोमवार को पार्क बंद रहता है.’

फोल्डर काढलं. परमिट सोमवारचंच.

फोन केला. ‘अहो दादा, टायपिंग मिस्टेक! मंगळवारचं पाठवतो.’ खरोखर पाच मिनिटांत नवीन पीडीएफ आली. नंबर तोच, शिक्का तोच, सहीही त्याच जागी. फक्त तारीख बदललेली, तीही वेगळ्या फॉन्टमध्ये. रविवारी संध्याकाळी कुठलं सरकारी ऑफिस पाच मिनिटांत परमिट बदलून देतं? तेव्हाच कळलं होतं. पण मुलांच्या तोंडाकडे बघून मानून घेतलं नाही.

मंगळवारी वंडूरच्या खिडकीवर कागद दिला. आतल्या गृहस्थांनी तो उलटा करून बघितला, वही चाळली आणि परत सरकवला. ‘ये हमारा नहीं है.’ त्या दिवसाच्या जागा भरलेल्या होत्या. मी वेड्यासारखं विचारलं, मग बुफे लंच? ते हसले. बेटावर वस्ती नाही, दुकान नाही, प्लास्टिकची पिशवीसुद्धा नेऊ देत नाहीत. जेवण आपलं आपण डब्यात न्यायचं. शेजारच्या रांगेतले लोक स्टीलचे डबे घेऊनच उभे होते. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मुलांना वंडूरच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे मगरींपासून सावध राहा म्हणून फलक लावलेले. मास्क गळ्यात अडकवून धाकटी वाळूत बसली. बुधवारी आमचं विमान होतं.

1930 ह्या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार घातली, स्क्रीनशॉट जोडले. पैसे पाठवून तोवर सतरा दिवस उलटले होते. खातं रिकामं. रविवारी रात्रीच ह्या माणसाचा डीपी गेला होता, नंबर तेव्हापासून बंद.

गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. मार्चमध्ये अंदमानला चाललेत, ‘आपलाच एक मराठी माणूस’ भेटलाय, ह्या वेळी मूळचा कोल्हापूरचा. म्हटलं, परमिट आलं असेल तर पाठव. आलं होतं. सहाऐवजी चार नावं होती. बाकी नंबर आणि शिक्का आमचाच.