हेडलाइटच्या वायरीवर चालणारं च्यूट किट: फसवणूक नेमकी कुठे होते

स्नो ब्लोअर म्हणजे साचलेला बर्फ उचलून दूर फेकणारं मशीन, आणि च्यूट म्हणजे तो बर्फ ज्यातून बाहेर पडतो ती फिरती नळी. हे च्यूट हाताने फिरवणं किती जिकिरीचं असतं, हे ज्यांनी ते फिरवलंय त्यांना सांगायला नको. दर फेरीला मशीन वळलं की बर्फ फेकण्याची दिशाही उलटी करायची, आणि जाड हातमोजे घालून ते हँडल गरागरा फिरवत बसायचं. त्यामुळे बटण दाबताच च्यूट फिरवणाऱ्या किटची जाहिरात दिसली की माणूस लगेच पैसे भरायला तयार होतो. अशा किटमधली लबाडी जवळपास ठरलेल्या जागीच असते, आणि ती बहुतेक वेळा ॲम्पिअरच्या आकड्यात लपलेली असते.

जाहिरात साधारण अशी असते: ‘युनिव्हर्सल किट, कुठल्याही मशीनला बसतं, हेडलाइटच्या वायरीला जोडा आणि वापरा.’ यातला शेवटचा भाग सरळसरळ खोटा आहे. अनेक लहान इंजिनांत हेडलाइटसाठी वीज तयार करणारी जी कॉइल असते ती साधारण १८ वॅटची, म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम दीड ॲम्पिअर देणारी. तीही एसी. किटमध्ये येते ती मोटर बहुतेक वेळा गाडीच्या पॉवर विंडोची, १२ व्होल्ट डीसीची. च्यूट फिरवताना ती ५ ते १० ॲम्पिअर ओढते आणि अडकली तर २० च्याही वर जाते. अशी मोटर हेडलाइटच्या वायरीला जोडली की नुसता आवाज करते, थरथरते आणि गरम होते. जागची हलत नाही.

फसवणुकीचा दुसरा टप्पा इथूनच सुरू होतो. तक्रार केली की उत्तर मिळतं, ‘तुमच्या इंजिनची कॉइल कमजोर आहे, सोबत चार्जिंग मॉड्यूल घ्या.’ पुन्हा पैसे. हे मॉड्यूल म्हणजे पुष्कळदा काळ्या राळेत बुडवलेले चार डायोड, एसीचं डीसी करणारा साधा ब्रिज रेक्टिफायर. व्होल्टेजवर नियंत्रण ठेवणारं त्यात काहीच नसतं. इंजिन पूर्ण वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरून पाहा. आकडा १५ व्होल्टच्या वर गेला तर ते मॉड्यूल ताबडतोब काढा. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीला अशा चार्जिंगने एका हंगामात मारता येतं.

आणखी एक प्रश्न विक्रेता हटकून विचारतो: ‘तुमच्या मशीनला इलेक्ट्रिक स्टार्ट आहे ना? मग बॅटरी आहेच.’ हे गृहीत धरू नका. पुष्कळ स्नो ब्लोअरचा इलेक्ट्रिक स्टार्ट घरातल्या विजेवर चालतो. इंजिनपाशी केबल लावायचं सॉकेट असतं, स्टार्टर फिरला की केबल काढून टाकायची. अशा मशीनवर बहुधा बॅटरी नसतेच. आधी स्वतःच्या मशीनपाशी जाऊन बघा, मग उत्तर द्या.

खरं तर इंजिनवरून चार्जिंगची गरजच नसते, आणि हे विक्रेता सांगत नाही. हिशेब करून बघा. एकदा च्यूट फिरवायला ४ सेकंद आणि ६ ॲम्पिअर धरले, तर २०० वेळा फिरवायला सुमारे १.३ ॲम्पिअर-तास लागतात. ७ ॲम्पिअर-तासाची १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी कडाक्याच्या थंडीत निम्म्या ताकदीवर आली तरी एवढं सहज देते. काम झालं की बॅटरी काढून घरात चार्जरला लावायची.

‘हलकी लिथियम बॅटरी, थंडीत लेड-ॲसिडपेक्षा सरस’ असं सांगून जास्त पैसे घेतात, तिथे एकच प्रश्न विचारा: शून्य अंशाखाली चार्जिंग रोखणारं सर्किट आत आहे का? गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात आत साचतो, बॅटरी कायमची खराब होते आणि धोकादायकही. असं सर्किट नसलेली बॅटरी मशीनवर ठेवून इंजिनवरून चार्ज करणं म्हणजे नेमकं हेच.

आता मोटर. पॉवर विंडोऐवजी वायपरची मोटर पाठवली असेल तर सावध व्हा. ती ताकदवान असते, पण बऱ्याच वायपर मोटरींची निगेटिव्ह बाजू आतून थेट बॉडीला जोडलेली असते. च्यूट दोन्हीकडे फिरवायचं तर पोलॅरिटी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची जोडणी, उलटी करावी लागते. बॅटरीची निगेटिव्ह मशीनच्या सांगाड्याला असेल आणि मोटर त्याच सांगाड्यावर बोल्टने कसलेली असेल, तर उलट बाजूचं बटण दाबताच शॉर्ट होतो. मल्टिमीटर बीप वाजणाऱ्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर ठेवून त्याचं एक टोक मोटरच्या बॉडीवर, दुसरं आळीपाळीने प्रत्येक वायरवर लावा. कुठेही बीप वाजला तर मोटर या कामाची नाही, परत पाठवा. जुनी मोटर नवी म्हणून खपवणंही चालतं. शाफ्टच्या दात्यांवर घासल्याच्या चकचकीत रेषा, बोल्टच्या भोकांभोवती वॉशरचा गोल ठसा, वरून मारलेला ताजा काळा रंग, एवढं दिसलं की समजून जा.

च्यूटचा वरचा झाकणवजा भाग वर-खाली करायला लिनिअर ॲक्च्युएटर (मोटरने आतला स्क्रू फिरवून दांडा पुढे-मागे सरकवणारा भाग) असतो, आणि सगळ्यात धडधडीत खोटं त्याच्या लेबलवर सापडतं. समजा लेबलवर १५०० न्यूटन, सेकंदाला ३० मिलिमीटर, १२ व्होल्ट, ३ ॲम्पिअर असं छापलंय. १५०० ला ०.०३ ने गुणा: ४५ वॅटचं काम. आत जाणारी वीज १२ गुणिले ३, म्हणजे ३६ वॅट. आत जाते त्यापेक्षा जास्त बाहेर निघूच शकत नाही. त्यात आतला स्क्रू निम्म्याहून अधिक शक्ती घर्षणात घालवतो. हा गुणाकार प्रत्येक लेबलवर करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

स्ट्रोकची लांबीही तपासून घ्या. झाकण पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना ॲक्च्युएटरच्या दोन बिजागरींमधलं अंतर मोजा. त्यातला फरक तोच तुमचा स्ट्रोक, म्हणजे दांडा जेवढा सरकायला हवा ते अंतर. ‘सगळ्यांना बसेल’ म्हणून लांब स्ट्रोकचा पाठवला, तर तो स्वतःच्या शेवटच्या टोकाला पोचल्याशिवाय थांबत नाही, कारण मोटर बंद करणारे लिमिट स्विच आतल्या टोकांवर असतात. तोवर ब्रॅकेट वाकलेलं असतं. पावसापाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपी-६५ तरी हवा. आत शिरलेलं पाणी रात्री गोठलं की दांडा सकाळी जागचा हलत नाही.

वायरीत फसवणूक चाकूने उघडी पडते. तार खरवडा. वरून तांबडी आणि आत चांदीसारखी पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. (उलट, वरून पांढरी आणि आत तांबडी निघाली तर काळजी नको, ते कल्हई केलेलं तांबं आहे.) हँडलपासून च्यूटपर्यंत दीड मीटर धरलं तर जाऊन-येऊन ३ मीटर वायर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत १० ॲम्पिअरला सुमारे १ व्होल्ट जातो, मुलाम्याच्या तारेत दीडच्या वर, आणि २ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात फक्त पाव. जाड प्लास्टिक बघून तार जाड समजू नका, सोलून आतला धातू बघा.

स्विच मात्र जिवाशी खेळणारा भाग आहे. हवा सहा टर्मिनलचा, दोन्ही बाजूंना दाबता येणारा आणि बोट काढताच मधे परत येणारा. किटमधल्या स्विचवर ‘२० ॲम्पिअर, १२५ व्होल्ट एसी’ लिहिलेलं असेल तर ते डीसीचं रेटिंग नव्हे. डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. संपर्क वितळून चिकटले की बोट काढलं तरी च्यूट फिरतच राहतं आणि बर्फ-खडे माणसांच्या दिशेने उडू शकतात. डीसीला किती ॲम्पिअर, हे लेखी विचारा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपाशीच १५ ॲम्पिअरचा फ्यूज बसवा. ज्या किटमध्ये फ्यूजच नाही, ते बनवणाऱ्याने ही मोटर एकदाही अडकवून पाहिलेली नाही.

जाहिरातीचा व्हिडिओ नीट बघा. इंजिन बंद, च्यूट कोरडं, मोटर टेबलावरच्या पॉवर सप्लायवर, असं दिसत असेल तर तो पुरावा नव्हे. पैसे देण्याआधी लोडवर किती ॲम्पिअर आणि अडकल्यावर किती, हे दोन आकडे मागा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

किट हातात आल्यावर एकही वायर कापू नका. ‘वायर कापली, परत घेणार नाही’ ही अट जवळपास प्रत्येक पावतीवर बारीक अक्षरात असते. पाकीट उघडतानाच व्हिडिओ काढा. मशीनला जोडण्याआधी मोटर आणि ॲक्च्युएटर टेबलावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोन्ही दिशांना चालवा, मधे ॲमीटर ठेवून. दुसरी एक अडचण अशी की ही किटं थंडी सुरू होण्याआधी विकली जातात आणि परत करण्याची मुदत पहिला बर्फ पडेपर्यंत संपलेली असते. म्हणून दोन्ही वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी काढल्या काढल्या पुन्हा चालवा. ग्रीस घट्ट झाल्यावर करंट दुप्पट झाला, किंवा दांडा हललाच नाही, तर तो आकडा कॅमेऱ्यात घ्या आणि त्याच दिवशी परतीचा अर्ज करा.